आधी लॅबमधल्या माणसांची पदं भरा, मग कामगिरी मोजा

जून उजाडला की आमच्या लॅबमधलं पहिलं काम ठरलेलं. कपाटं उघडायची, स्पेक्ट्रोमीटर, लेन्स, प्रिझम, ग्रेटिंग सगळं बाहेर काढायचं, उजेडात धरून कुठं बुरशी धरलीय का बघायचं, आणि सिलिका जेलचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले असतील तर तापवून परत निळे करून घ्यायचे. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, वर समुद्राची खारी हवा, त्यामुळे इथं काचेला बुरशी लागते, स्क्रूला गंज लागतो आणि सर्किट बोर्डावर हिरवट थर चढतो. मी हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवतो, माझी लॅब दोन खोल्यांची, त्यामुळे माझं दुखणं छोटं आहे. पण हीच हवा ताळगावच्या पठारावर पण असते आणि तिथं, गोवा विद्यापीठात, याच हवेत बसून लोक धातूच्या आत दोन अणूंमध्ये किती अंतर आहे ते मोजतायत.

हे लिहायला बसलो त्याचं कारण असं की यंदा चवथीला सगळे घरी जमले होते, आरती झाली, जेवणं झाली, आणि विषय नेहमीसारखा आयआयटीच्या जागेवर गेला. आयआयटी गोव्यात आली २०१६ ला, तेव्हापासून ती फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात आहे, आणि कायमच्या जागेवरून आपल्याकडे किती रान उठलं ते सत्तरी तालुक्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, तिथल्या मेळावली गावचं आंदोलन सगळ्यांना आठवतंय. जागेचं कुणाचं बरोबर कुणाचं चूक हा आजचा विषय नाही. पण बोलता बोलता माझा मामेभाऊ म्हणाला, "आयआयटी नीट उभी राहिली की गोव्यात खरं रिसर्च सुरू होईल, विद्यापीठात कसलं रिसर्च होतं, तिथं नुसत्या डिग्र्या मिळतात." आणि खोलीत सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात दोघं त्याच विद्यापीठातून एमएस्सी झालेले होते! मला ते लागलं. मी पण तिथलाच.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊया. १९६१ पर्यंत गोव्यात बीएस्सी करायची सोयच नव्हती. मेडिकल स्कूल होतं १८४२ पासून, लिसेव म्हणजे पोर्तुगीजांची माध्यमिक शाळा होती, पण सायन्सची डिग्री हवी तर बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई गाठायला लागायची, म्हणजे ज्याच्या घरी पैसे त्यालाच. १९६२ ला पणजी आणि मडगावात पहिली कॉलेजं निघाली, ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली, पुढं पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र आलं आणि १९८५ ला स्वतःचं विद्यापीठ झालं. म्हणजे आपल्या फिजिक्सला जेमतेम दोन-तीन पिढ्या झाल्यात. आज डिचोली, पेडणे, काणकोण, सांगे, कुठल्याही हायर सेकंडरीत जा, फिजिक्स शिकवणारा माणूस बहुतेक वेळा त्या पठारावरून आलेला असतो. २०११ च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार लोकवस्ती असलेल्या राज्यात कदंबाच्या बसने रोज ये-जा करून एमएस्सी फिजिक्स करता येतं, ही माझ्यासाठी कामगिरीच आहे, पण ठीक आहे, याला कुणी रिसर्च म्हणणार नाही, तर रिसर्चचं सांगतो.

१९०३ साली फ्रिट्झ ह्युस्लर नावाच्या जर्मन माणसाने दाखवून दिलं की तांबं, मँगनीज आणि ॲल्युमिनियम एकत्र वितळवले तर बनणारा धातू लोहचुंबकासारखा वागतो, आणि यातला एकही धातू सुटा घेतला तर चुंबकाला चिकटत नाही. या घराण्यातल्या मिश्रधातूंना ह्युस्लर अलॉय म्हणतात. त्यातले निकेल आणि मँगनीजवाले काही असे आहेत की थंड केले की एका ठराविक तापमानाला त्यांच्या आतली सगळी रचनाच तिरपी होते, परत गरम केले की पूर्ववत. म्हणजे त्यांना आकार आठवतो. निकेल आणि टायटॅनियमचा असाच एक मिश्रधातू दातांच्या तारेत आणि हृदयाच्या स्टेंटमध्ये वापरतात, तो गरमीने आकार बदलतो. ह्युस्लरवाल्यांची गंमत अशी की त्यांना चुंबकाने पण हलवता येतं, आणि काहींचं तापमान चुंबकीय क्षेत्र बदललं की बदलतं, त्यावरून गॅस न वापरता चालणारा फ्रिज बनवता येईल का यावर जगभर काम चाललंय.

आता प्रश्न असा की ही रचना तिरपी का होते, कुठला अणू आधी हलतो? इथं गोवा विद्यापीठाच्या फिजिक्सवाल्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय, आणि ते फिजिकल रिव्ह्यू बी सारख्या जर्नलमध्ये छापून आलंय. त्यांची पद्धत मी मुलांना अशी सांगतो. देवळाच्या तळीत मधोमध खडा टाका. लाटा काठाला जातात, काठावर आपटून परत येतात आणि नव्या लाटांत मिसळतात. त्या मिसळलेल्या लाटांकडे नीट बघितलं तर काठ किती लांब आहे ते काठाला हात न लावता सांगता येईल. तसंच धातूवर एक्स-रे मारला की एका अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो, तो लाटेसारखा पसरतो, शेजारच्या अणूंवर आपटून परततो, आणि त्यामुळे एक्स-रे किती शोषला गेला त्यात बारीक बारीक चढउतार दिसतात. त्यावरून शेजारी कोण, किती आणि किती अंतरावर ते काढता येतं, एका मीटरच्या हजार कोटीव्या भागाच्याही शंभराव्या हिश्शापर्यंत. या पद्धतीने निकेल-मँगनीज-गॅलियम, निकेल-मँगनीज-इंडियम अशा मिश्रधातूंच्या आत डोकावून बघितलं तेव्हा दिसलं की बाहेरून सगळं नीट रांगेत वाटत असलं तरी आत अणू आपापल्या जागेवरून जरा सरकलेले असतात, आणि रचना का बदलते याचं उत्तर त्या सरकण्यात आहे.

इतका तीव्र एक्स-रे आपल्याकडे कुठून येणार? तो सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने गोल फिरवणाऱ्या यंत्रातून येतो. इंदूरला इंडस-२ आहे, त्याचा घेर १७२ मीटर, आणि जर्मनीत हँबर्गला पेट्रा-३ आहे, त्याचा घेर २३०० मीटर. इटलीत ट्रिएस्टला एलेट्रावर तर भारताच्या पैशाने उभारलेल्या बीमलाइन, म्हणजे तो एक्स-रे सॅम्पलपर्यंत आणून मोजमाप करायच्या जागा, पण आहेत. तिथं अर्ज करायचा, विषय पटला तर बीमटाइम मिळतो, म्हणजे मोजके दिवस, आणि मग दिवसरात्र पाळ्या लावून मोजमाप करायचं. तुमचा अर्ज तिथं मुंबई-बेंगळुरूच्या मोठमोठ्या संस्थांच्या अर्जांबरोबर तपासला जातो. गोव्याच्या माणसांना तो वेळ मिळत आलाय, हे माझ्या मामेभावाला माहीत नव्हतं, आणि त्यात त्याचा दोष मी तरी काढणार नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही.

याच विद्यापीठाच्या केमिस्ट्रीवाल्यांनी अजून एक काम केलंय जे मला फार जवळचं वाटतं. आमच्या डिचोलीच्या बाजूला खाणींच्या टाकाऊ मालाचे डोंगर उभे आहेत, निर्यातीला न चालणारं लोहखनिज. त्या टाकाऊ खनिजातून ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध आयर्न ऑक्साईड काढता येतं आणि त्यापासून फेराइट, म्हणजे ट्रान्सफॉर्मर-बिन्फॉर्मरच्या गाभ्यात लागतं ते चुंबकीय मटेरियल, बनवता येतं हे त्यांनी दाखवून दिलं. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद, एवढ्या वर्षांत खाणींवर किती भाषणं ऐकली आपण, पण आपल्याच मातीवर आपल्याच विद्यापीठात झालेल्या या कामाचा उल्लेख मी तरी एकाही भाषणात ऐकला नाही.

तर मुद्दा असा की काम होतं. मग अडतं कुठं? मला इतक्या वर्षांत जे दिसलं त्यावरून मी ठामपणे म्हणतो, अडतं ते यंत्रं जिवंत ठेवणाऱ्या माणसांपाशी.

मिश्रधातू कसा बनतो बघा. धातू तोलून घ्यायचे, आर्गॉन वायूत विजेच्या ठिणगीने वितळवायचे, गोळी उलटी करून परत वितळवायची, असं चार-पाच वेळा, म्हणजे सगळीकडे सारखं मिसळतं. मग क्वार्ट्‌झच्या नळीत घालून आतली हवा काढून नळी सीलबंद करायची आणि भट्टीत ८०० अंशाच्या आसपास कित्येक दिवस ठेवायची, शेवटी एकदम बर्फाच्या पाण्यात. आता यात पाचव्या दिवशी, जुलैच्या मुसळधार पावसात लाईट गेली आणि यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या राहून गेल्या असल्या की भट्टी थंड होते आणि सगळं पहिल्यापासून. आणि थंडीचं बोलायचं तर द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशाला, द्रव हेलियम उणे २६९ अंशाला, हेलियम आपल्या देशात जवळजवळ सगळा बाहेरून येतो. व्हॅक्युम पंपाचं तेल वेळेवर बदलावं लागतं, गळती कुठं आहे ते शोधावं लागतं, देवारमध्ये, म्हणजे थर्माससारख्या टाकीत, नायट्रोजन किती उरलाय ते रोज बघावं लागतं. हे काम प्रोफेसर करू शकतो, पण मग तो शिकवणार कधी, पेपर लिहिणार कधी? पीएचडीचा मुलगा करतो, पण तो चार-पाच वर्षांत जातो आणि त्याच्या हातातली कला त्याच्याबरोबर जाते.

मी पूर्वी एका कॉलेजात, नाव नको, काही वर्षं लेक्चर बेसिसवर होतो. तिथं एक लॅब अटेंडंट होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो, शिक्षण दहावीपर्यंत. रोटरी पंप सुरू केला की काका दारातूनच आवाज ऐकून सांगायचे, "सर, बेल्ट सैल झालाय" किंवा "तेलात पाणी गेलंय", आणि ते बरोबर निघायचं. जूनमध्ये सगळ्या काचा तेच पुसायचे, कुठली लेन्स कशाने पुसायची ते त्यांना पाठ होतं. काका रिटायर झाले, पद रिकामं राहिलं, दोन वर्षांनी काँट्रॅक्टवर एक मुलगा आला, हुशार होता, पण अकरा महिन्यांनी त्याचं काँट्रॅक्ट संपलं, मग दुसरा आला. पंप जाम झाला. दुरुस्तीसाठी फाईल गेली, एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार नव्हता, कारण यंत्र घेताना ग्रँट यंत्राची होती, पुढच्या दुरुस्तीची नव्हती. मी तिथून निघालो तेव्हा पंपावर "बंद आहे" असा कागद चिकटवलेला होता आणि त्या वर्षीच्या मुलांनी व्हॅक्युम कोटिंगचं प्रॅक्टिकल जर्नलमध्ये मागच्या वर्षीची रीडिंग घालून पूर्ण केलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण मीच त्या जर्नलवर सही केली होती.

ही एका कॉलेजची गोष्ट नाही, देशभरच्या राज्य विद्यापीठांत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. आपली पद्धतच अशी आहे की यंत्र घ्यायला पैसे मिळतात, उद्घाटनाला फोटो निघतो, आणि यंत्र चालवायला माणूस आणि पैसा मागितला की सांगतात बजेट हेड नाही. त्यात १८ जुलै २०२२ पासून संशोधन संस्थांना यंत्रांवर ५ टक्के जीएसटीची जी सवलत होती ती पण काढून घेतली, म्हणजे तेवढ्याच ग्रँटमध्ये यंत्र महाग. आणि देश म्हणून आपण संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, त्या छोट्या भाकरीतला तुकडा राज्य विद्यापीठापर्यंत पोचेपर्यंत किती उरत असेल ते समजून घ्या.

काही गोष्टी चांगल्या पण झाल्यात, त्या सांगायलाच हव्यात. जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालं, राज्य विद्यापीठांना पण जवळजवळ १३,००० जर्नल वाचायला मिळतात. मी एमएस्सीला होतो तेव्हा एका पेपरसाठी मुंबईला मित्राला पत्र टाकून झेरॉक्स मागवायचो. पीएचडीच्या मुलांना मिळणारी जेआरएफ फेलोशिप महिना ३१,००० वरून ३७,००० रुपये झाली. आता एवढं केलं तर यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाचं पण करा ना.

यावर लोक म्हणतात, मग प्रत्येक विद्यापीठात यंत्रं कशाला, आयआयटीत किंवा मोठ्या संस्थेत ठेवा आणि बाकीच्यांनी तिथं जाऊन वापरा. या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे आणि त्या अर्ध्यावर देशाने चांगलं काम पण केलंय. १९८४ ला दिल्लीत विद्यापीठांसाठी ॲक्सिलरेटरचं केंद्र उभारायला घेतलं, १९८८ ला पुण्याला आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र झालं नारळीकरांच्या नेतृत्वाखाली, पुढं इंदूरला विद्यापीठांसाठीच अणुऊर्जा खात्याबरोबरचं केंद्र, तिथं कमी तापमानाची आणि मोठ्या चुंबकांची मोजमापं कुठल्याही विद्यापीठाचा माणूस जाऊन करू शकतो. पण नुसतं जाऊन काय होणार, हातात सॅम्पल हवं ना! सॅम्पल घरी बनवायला लागतं, घरी तपासायला लागतं, त्यात भेसळ नाही याची खात्री घरी करायला लागते, नाहीतर हँबर्गला जाऊन बीमटाइम वाया. आणि मुलगा यंत्र हाताळायला पहिल्यांदा घरीच शिकतो.

दुसरं म्हणणं अजून खोल जातं, की विद्यापीठाने शिकवावं आणि रिसर्च संस्थांनी करावं. या म्हणण्याने आपल्या देशाचं फार नुकसान केलंय असं मला वाटतं. रामन परिणामाचा शोध लागला तेव्हा, १९२८ ला, रामन कलकत्ता विद्यापीठाचे प्रोफेसर होते, जरी प्रयोग बाजूच्या संस्थेत केले तरी. सत्येंद्रनाथ बोस १९२४ ला ढाका विद्यापीठात रीडर होते, एमएस्सीच्या पोरांना शिकवत होते आणि तिथूनच त्यांनी आइनस्टाइनला प्रकाशकणांच्या सांख्यिकीवरचा तो गाजलेला पेपर पाठवला. मेघनाद साहा १५ वर्षं अलाहाबाद विद्यापीठात होते. स्वातंत्र्यानंतर आपण मोठ्या संस्था काढल्या, त्या हव्याच होत्या, त्यांनी देशाला पुष्कळ दिलं, आपल्या गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर कोसंबी पण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतच होते. पण त्याबरोबर संशोधनाचा पैसा आणि माणसं विद्यापीठातून तिकडे गेली, आणि साहांनी तेव्हाच याला विरोध केला होता, अणुसंशोधन विद्यापीठांपासून तोडू नका म्हणून. ते ऐकलं गेलं नाही. आज त्याचा परिणाम असा की देशातली बहुतेक मुलं जिथं शिकतात तिथं त्यांना चालू प्रयोग बघायला मिळत नाही, आणि जिथं प्रयोग चालतात तिथं फार थोडी मुलं पोचतात.

माझ्या वर्गात सत्तरीची मुलगी होती, वडिलांची काजूची बागायत, प्राथमिक शाळा मराठी माध्यमाची. फिजिक्स आवडायचं. वडील मला भेटायला आले आणि विचारलं, "सर, हें शिकून नोकरी मेळटली?" रास्त प्रश्न आहे, मी त्यांना खोटं आश्वासन दिलं नाही. फक्त म्हटलं, एकदा विज्ञानदिनाला तिला घेऊन विद्यापीठात जा. ते गेले. तिथं नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या काळ्या गोळीवर चुंबक अधांतरी तरंगताना त्या दोघांनी बघितला, आणि एका पीएचडीच्या मुलाने त्यांना, कोकणीत, पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. मुलगी एमएस्सी झाली. आयआयटीच्या भिंतीआड ती कधी गेली असती असं मला वाटत नाही, परीक्षेच्या क्लासची फी तिच्या घरात कुठून येणार होती. ही मुलं आहेत म्हणून विद्यापीठात फिजिक्स जिवंत राहायला हवं.

आणि रँकिंगचं. केंद्र सरकारची संस्थांची क्रमवारी, एनआयआरएफ, २०१६ ला आली, त्यात शिकवण्याचे मार्क आहेत, पेपरचे आहेत, लोकांच्या मनातल्या प्रतिमेचे सुद्धा आहेत. पंप किती दिवस चालू होता याचे कुठं आहेत? टेक्निकल स्टाफची किती पदं भरली याला किती वजन आहे? जगातल्या २ टक्के शास्त्रज्ञांची यादी आली की पेपरात फोटो येतात, चांगलं आहे, त्या माणसांचं कौतुक व्हायलाच हवं, पण त्या फोटोत भट्टीजवळ रात्र काढणारा टेक्निशियन पण हवा.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या बजेटमध्ये गोवा सरकारने विद्यापीठाच्या आणि कॉलेजांच्या सायन्स लॅबसाठी दुरुस्तीचं वेगळं हेड काढावं, जे दुसरीकडे वळवता येणार नाही. लॅब टेक्निशियनची पदं कायम भरावीत, काँट्रॅक्टवर नकोत, आणि त्यांना इंदूर-मुंबईला ट्रेनिंगला पाठवावं. यंत्राची ग्रँट आली की त्यात पहिल्या दिवसापासून पाच वर्षांची एएमसी धरावी. आणि वर्षातून एकदा प्रत्येक विभागाने आपण काय केलं ते मराठीत आणि कोकणीत, चार पानांत, तालुक्याच्या लायब्ररीत पोचेल असं छापावं.

पर्वरीला पुढचं अधिवेशन लागायच्या आधी मी आमच्या आमदारांना पत्र दिलंय. त्यात तीनच प्रश्न आहेत. राज्यातल्या सायन्स लॅबमध्ये टेक्निकल पदं मंजूर किती, त्यातली आज भरलेली किती, आणि गेल्या पाच वर्षांत यंत्रांच्या दुरुस्तीवर खर्च किती. त्यांनी पत्र घेतलं, वाचलं, आणि लेखी प्रश्न टाकतो म्हणाले. तुम्ही तुमच्या आमदारांना पण हेच तीन विचारा.